वारशाने आलेला तिकीटसंग्रह: आधी नोंद, मग आवराआवर

घरातल्या कुणाचा तिकीटसंग्रह आपल्याकडे येतो तेव्हा तो क्वचितच नीटनेटका असतो. दोनचार अल्बम, एखादे स्टॉकबुक (तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवायची वही), पत्र्याच्या डब्यात सुटी तिकिटे, रबरबँड लावलेले पाकिटांचे गठ्ठे, आणि एका वहीत त्या माणसालाच कळतील अशा खुणा. पहिला मोह होतो तो सगळे बाहेर काढून देशवार लावण्याचा. हा आवरण्याचा मोहच आधी आवरायला हवा.

संग्राहकाने तिकिटे ज्या क्रमाने ठेवली त्या क्रमातच बरीच माहिती दडलेली असते. एका पानावर सारखीच दिसणारी पाच तिकिटे असली तर ती जास्तीची म्हणून तिथे पडलेली आहेत असे समजू नका. छटा, जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण) किंवा दंतूर कडा यांतला फरक ओळखून त्याने ती शेजारीशेजारी लावलेली असू शकतात. ती पाचही एका पाकिटात टाकली की तो फरक शोधण्याचे काम पहिल्यापासून तुमच्या गळ्यात पडते. म्हणून नोंद आधी, ओळख नंतर, आणि किमतीचा विचार अगदी शेवटी.

१. हाताशी काय हवे

तिकिटांसाठीचा चपट्या टोकाचा चिमटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, दंतूर कडा मोजायची पट्टी, ग्लासाइनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची) पाकिटे, मऊ शिशाची पेन्सिल, कागदी चिठ्ठ्या आणि कॅमेरा असलेला फोन. एवढ्यावर पहिला महिना निघतो. भुवया कोरायचा चिमटा वापरू नका, त्याची टोके कागदात रुततात. टेबल कोरडे हवे आणि पंखा बंद. पेन, चहा आणि पाण्याची बाटली दुसऱ्या टेबलावर.

स्टिकर, चिकटपट्टी, स्टेपलर, टाचणी आणि रबरबँड या कामात कुठेच येत नाहीत. तिकिटावर किंवा त्याच्या मागे काहीही लिहायचे नाही, पेन्सिलीनेसुद्धा. ग्लासाइनवर लिहायचे असेल तर पाकीट रिकामे असताना लिहा. आत तिकीट ठेवून लिहिले तर पेन्सिलीचा वळ कागदावर उमटतो.

२. जसे आले तसे टिपून ठेवा

प्रत्येक डबा, अल्बम आणि गठ्ठ्याला क्रमांक द्या. अल्बमला ‘अ’, स्टॉकबुकला ‘स’, डब्याला ‘ड’, पाकिटांच्या गठ्ठ्याला ‘प’ एवढे पुरते: अ१, अ२, स१, ड१. क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आत सरकवा. मग वस्तू जिथे, जशी मिळाली तिथे तिचा फोटो घ्या, नंतर प्रत्येक पानाचा. पान उलटताना सुटलेले तिकीट पडले तर कुठल्या पानावरून पडले ते लगेच चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आणि तिकीट एकाच ग्लासाइनमध्ये ठेवा. थोड्या वेळाने लिहू म्हटले की ते पान पुन्हा सापडत नाही.

कागदपत्रांचा वेगळा गठ्ठा करा: जुन्या खरेदीच्या पावत्या, लिलावाच्या याद्या, इतर संग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, तिकीट अस्सल असल्याची तज्ज्ञ समितीची प्रमाणपत्रे, प्रदर्शनातली पाने, आणि त्या माणसाची स्वतःची वही. वही कळत नाही म्हणून बाजूला टाकू नका. ‘गि ३७५ ता’ अशी खूण आज अगम्य वाटेल. पण ‘गि’ म्हणजे गिबन्स कॅटलॉग (तिकिटांची क्रमांकवार छापील सूची) आणि ‘ता’ म्हणजे ताऱ्याचे जलचिन्ह हे एकदा उलगडले की अख्खी वही वाचता येते. अशा खुणांची यादी नोंदवहीच्या पहिल्या पानावर करत जा. संग्राहकाला ओळखणारे नातेवाईक आणि स्नेही असतील तर त्यांना आत्ताच विचारा आणि उत्तर तारखेसह, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा.

३. मूळ क्रम कधी मोडायचा

चारच प्रसंगी. ओल लागून तिकिटांवर तांबूस-तपकिरी ठिपके उमटले असतील तर ती बुरशी असू शकते आणि शेजारी पसरते. तेवढी पाने किंवा तिकिटे वेगळ्या पाकिटात काढा. प्लास्टिकची पाने चिकट लागत असतील, त्यांना तीव्र वास येत असेल, तिकिटे तेलकट दिसत असतील तर ते पीव्हीसी आहे. ते मऊ ठेवणारे रसायन बाहेर झिरपून शाईत आणि कागदात उतरते. तिकिटे त्यातून काढाच, आणि पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत हलवा. तिसरा प्रसंग रबरबँडचा. तो वितळून चिकटलेला नसेल तर कापून काढा, ओढून नको. चौथा म्हणजे जिवंत कीड.

हलवलेल्या प्रत्येक वस्तूची जुनी आणि नवी जागा दोन्ही लिहा.

एकमेकांना चिकटलेली कोरी तिकिटे ओढून सोडवू नका आणि पाण्यात तर मुळीच टाकू नका, गोंद जाईल. ‘चिकटलेली, ६ नग, अ२ पान १४’ अशी नोंद करून तशीच राहू द्या. दमट हवेच्या बंद डब्यात ठेवून ती सोडवता येतात, पण त्यासाठी सरावलेला हात लागतो आणि त्यांना घाई नसते. पाकिटावरची तिकिटे भिजवून काढण्याचा उद्योगही सध्या लांबच ठेवा.

जागेचे सांगायचे तर अल्बम उभे ठेवायचे, आणि थोडे सैल. आडवे रचले की खालच्या पानांवर भार येतो आणि दमट हवेत गोंद समोरच्या पानाला धरतो. तापमान २० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के असली की उत्तम. तेवढे जमत नसेल तर निदान बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट, पोटमाळा आणि तळघर टाळा.

४. किती खोलात जायचे ते ठरवा

नवखे लोक इथे हमखास अडकतात. पहिल्या अल्बमच्या पहिल्या तिकिटापासून सगळे तपशील भरायला घेतात आणि चाळिसाव्या तिकिटावर काम सोडून देतात. त्यापेक्षा तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत एका डब्याची किंवा अल्बमची एक ओळ: क्रमांक, काय आहे, अंदाजे किती नग, कोणते देश, कोणता काळ, अवस्था. ही फेरी एकदोन दिवसांत संपायलाच हवी. पुढे काही कारणाने काम थांबले तरी घरातल्यांच्या हाती काहीतरी राहते.

दुसऱ्या फेरीत एका पानाची एक ओळ. ‘अ१, पान २२, स्वित्झर्लंड, १९३० ते १९४५, वापरलेली ३१, कोरी ४.’ बहुतेक संग्रहांचा बहुतेक भाग या पातळीवर थांबला तरी चालतो.

एकेका तिकिटाची ओळ तिसऱ्या फेरीत, आणि तीही निवडक वस्तूंची: १९०० पूर्वीची तिकिटे, प्रमाणपत्र असलेली, मालिकेतली सर्वांत मोठ्या दर्शनी किमतीची, अधिमुद्रण (तयार तिकिटावर नंतर छापलेला मजकूर) असलेली, छपाईत चूक दिसणारी, पाकिटासकट असलेली, आणि संग्राहकाने स्वतः खूण करून ठेवलेली. त्याने एखादे तिकीट वेगळ्या माउंटमध्ये (पारदर्शक खिशात), अख्ख्या पानावर एकटेच लावले असेल तर त्याला काहीतरी माहीत होते.

५. तक्ता

कागदी वही चालते, पण शोधण्यासाठी आणि क्रम बदलण्यासाठी संगणकावरची स्प्रेडशीट सोयीची. रकाने असे ठेवा: नोंद क्रमांक, जागा (अल्बम-पान-स्थान, उदा. अ२-१४-०५), तिकिटावर छापलेले देशाचे नाव, आजच्या हिशेबाने देश, वर्ष, दर्शनी किंमत, रंग, चित्राचे दोनतीन शब्दांत वर्णन, कॅटलॉगचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष, कॅटलॉग क्रमांक, दंतूर कडा, जलचिन्ह, अवस्था, दोष, नग, फोटो-फाइलचे नाव, कुठून आले, शेरा. किमतीसाठी दोन रकाने, एक आकड्याचा आणि एक तो आकडा कोणत्या तारखेचा ते सांगणारा.

नोंद क्रमांक आणि जागा एकत्र करू नका. जागा बदलते, क्रमांक कधीच बदलत नाही. तिकीट विकले, दिले किंवा हरवले तरी ओळ पुसायची नाही. शेऱ्यात तारीख आणि कारण लिहायचे, आणि तो क्रमांक दुसऱ्या तिकिटाला कधीही द्यायचा नाही.

तक्त्यातल्या काही खोड्या आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. अर्धा आणा दाखवायला एक, तिरपी रेघ, दोन असे इंग्रजी आकड्यांत लिहिले की प्रोग्राम त्याची तारीख करून टाकतो. शून्याने सुरू होणारे क्रमांक शून्य गमावतात. उपाय एकच, टंकायला बसण्यापूर्वी सगळे रकाने ‘मजकूर’ स्वरूपात बदला. नंतर बदलून गेलेले आकडे परत येत नाहीत. क्रम लावताना सगळा तक्ता निवडलेला आहे ना ते पाहा. एकाच रकान्याचा क्रम बदलला तर प्रत्येक तिकिटाला दुसऱ्याच तिकिटाचा क्रमांक चिकटतो, आणि तक्ता वरवर ठीकच दिसत असल्याने हे आठवडाभर लक्षातही येत नाही.

देशांची नावे एकाच पद्धतीने लिहा. ‘हंगेरी’, ‘हंगरी’ आणि ‘हंगेरि’ हे संगणकाला तीन देश आहेत. नावांची ठरलेली यादी करून रकान्यात निवडीची सोय ठेवली की हा प्रश्न मिटतो. माहिती नसेल तिथे रकाना रिकामा न ठेवता ‘तपासायचे’ असे लिहा. रिकाम्या रकान्यावरून तपासले पण सापडले नाही की तपासलेच नाही, हे सहा महिन्यांनी कळत नाही.

६. तिकीट ओळखणे

देशाचे नाव दिसत नसेल आणि राजा किंवा राणीचे मस्तक असेल तर ते बहुधा ब्रिटनचे. १८४० साली जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, त्यांनीच काढले आणि नाव न छापण्याची प्रथा तेव्हापासून चालत आली. बाकी देश बहुतेक आपापल्या भाषेत नाव छापतात, आणि चुका तिथेच होतात. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, हर्वात्स्का म्हणजे क्रोएशिया. आइसलँडच्या तिकिटावरचे नाव इंग्रजी ‘आयलंड’ सारखे दिसते, म्हणून ती ‘कुठलेतरी बेट’ म्हणून भलत्याच पानावर जाऊन बसतात. सोव्हिएत तिकिटांवरची रशियन लिपीतली चार अक्षरे रोमन ‘सीसीसीपी’ सारखी वाचली जातात.

नकाशावरून पुसले गेलेले प्रदेशही भेटतील: डान्झिग, झार (जर्मनीतला झारलँड), बोहेमिया-मोराविया, ग्वाल्हेर किंवा पतियाळाचे अधिमुद्रण असलेली संस्थानी तिकिटे. तिकिटावरचे नाव जसेच्या तसे लिहा आणि आजचा देश शेजारच्या रकान्यात. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले तर कॅटलॉगमध्ये शोधणे अवघड होते.

कॅटलॉग एकच धरा. स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, मिशेल आणि इव्हेर यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. पेनी ब्लॅक स्कॉटमध्ये १ आहे, तर गिबन्समध्ये छटेप्रमाणे १, २ आणि ३. म्हणून नुसता ‘२’ लिहिलेली नोंद निरुपयोगी, सोबत कॅटलॉगचे नाव हवेच. संग्राहकाने गिबन्स वापरला असेल तर तुम्हीही तोच घ्या, म्हणजे त्याच्या वहीतल्या खुणा थेट कामी येतील. जुनी आवृत्ती ओळख पटवायला पुरते. क्रमांक क्वचित बदलतात, किमती मात्र बदलतात.

दंतूर कडा म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती दात बसतात तो आकडा. दोन आकडे असले, उदाहरणार्थ १४ × १३½, तर पहिला आडव्या कडेचा आणि दुसरा उभ्या कडेचा. पट्टीवर तिकीट सरकवत दात आणि रेघा सबंध कडेभर जुळतात का ते पाहा, मधले तीनचार दात जुळून उपयोग नाही.

जलचिन्ह का पाहायचे, याचे सोपे उदाहरण भारताच्या नकाशा मालिकेचे. नव्या पैशांतली ही मालिका १९५७ मध्ये ताऱ्यांचे जलचिन्ह असलेल्या कागदावर निघाली आणि पुढे तीच अशोकस्तंभाच्या जलचिन्हावर छापली गेली. पुढून पाहिली तर दोन्ही सारखीच, कॅटलॉगमध्ये मात्र निराळे क्रमांक. तिकीट काळ्या गुळगुळीत फरशीवर पालथे ठेवून तिरप्या उजेडात पाहा, बरेचदा तेवढ्यात काम भागते. जलचिन्ह उठून दिसण्यासाठी लावायचे द्रव वापरायचेच असेल तर खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, आणि फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेल्या तिकिटांवर तर नकोच, कारण त्यातल्या काही शाया विरघळतात.

काही मालिका म्हणजे दलदल आहे. ब्रिटनची १९६७ पासूनची मेचिन तिकिटे आणि अमेरिकेची १९०८ ते १९२२ मधली वॉशिंग्टन-फ्रँकलिन तिकिटे एकाच चित्राच्या असंख्य उपप्रकारांनी भरलेली आहेत. त्यांची फक्त पानावार नोंद करा आणि पुढे चला.

७. अवस्था

अनेक कॅटलॉग चार खुणा वापरतात, त्याच वापरा. दोन तारे म्हणजे मूळ गोंद शाबूत, हिंजचा (तिकीट पानाला लावायच्या गोंदाच्या कागदी तुकड्याचा) डाग नाही. एक तारा म्हणजे कोरे, पण हिंज लागलेले. कंसातला तारा म्हणजे कोरे, गोंदाविना. गोल म्हणजे वापरलेले. तिकीट हिंजवर असेल तर ते पानापासून न सोडवता हळूच उचलून मागची बाजू बघता येते. वाळलेला हिंज ओढून काढू नका. मोकळा सुटला तर ठीक, नाहीतर तिकिटाचा पापुद्रा घेऊन येतो.

दोष नेमके लिहा. ‘खराब’ या शब्दातून काही कळत नाही. ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातला दात तुटलेला’, ‘मागे ३ मिमी पातळ झालेला भाग’, ‘मधोमध आडवी घडी, पुढून दिसत नाही’ असे लिहिले की दहा वर्षांनीही तेच तिकीट ओळखता येते.

वापरलेले तिकीट नेहमीच कोऱ्यापेक्षा स्वस्त, हा समज सोडून द्या. १९२३ च्या महागाईतली लाखो-कोटी मार्कांची जर्मन तिकिटे कोरी असतील तर ढिगाने मिळतात. त्याच काळात खरोखर टपालात गेलेली मात्र कमी, म्हणून त्यांवर खोटे शिक्के मारले गेले. उलट, शिक्का कोपऱ्यात अगदी नेटका आणि मागे गोंद पूर्ण असेल तर ते तिकीट बहुधा टपालात न जाता संग्राहकांसाठीच रद्द केलेले असते. पूर्व जर्मनीची आणि आखाती अमिरातींची अशी तिकिटे जुन्या अल्बममध्ये भरपूर सापडतात. म्हणून शिक्क्याचे गाव, तारीख आणि प्रकार जमेल तितका लिहाच.

अधिमुद्रणातले शब्द अक्षरशः उतरवा. भारताच्या १९४८ च्या गांधी संचातले दहा रुपयांचे साधे तिकीट आणि त्यावर ‘सर्व्हिस’ छापलेले तिकीट यांच्या दुर्मिळतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा ठिकाणी बनावट छापही असतात, त्यामुळे शेऱ्यात ‘अस्सलपणा तपासायचा’ हे शब्द जोडा.

८. पाकिटे आणि पत्रे

पाकिटावरचे तिकीट कापू नका. पाकिटाची किंमत अनेकदा तिकिटात नसते. दर, मार्ग, सेन्सॉरची पट्टी आणि मागचा पोहोच-शिक्का यांत असते. नोंदीत तिकिटांखेरीज निघाल्याचे ठिकाण व तारीख, पोहोचल्याचे ठिकाण व तारीख, रजिस्टरचा क्रमांक, हवाई टपालाच्या खुणा हे सगळे घ्या. आत पत्र असेल तर ते त्याच पाकिटासोबत राहू द्या. पत्रातला मजकूर घरगुती असेल तर नोंदीत फक्त ‘पत्र आहे, २ पाने’ एवढे पुरे.

९. फोटो आणि स्कॅन

पानासाठी ३०० डीपीआय, एकट्या तिकिटासाठी ६०० किंवा १२००. मागे काळा कागद ठेवा, म्हणजे दंतूर कडा उठून दिसतात. स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करा, नाहीतर छटा ओळखायच्या तिकिटांचे रंगच बदलतात. अल्बम स्कॅनरवर उपडा दाबू नका. पाने सुटी होत नसतील तर वरून फोटो घ्या. महत्त्वाच्या तिकिटाची मागची बाजूही हवी.

फाइलचे नाव नोंद क्रमांकावरूनच ठेवा, आणि पुढची-मागची बाजू दाखवायला शेवटी एक अक्षर. फाइलच्या नावात जागा सोडू नका आणि रोमन अक्षरेच वापरा, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना नावे बिघडत नाहीत.

१०. किंमत

कॅटलॉगमधला आकडा म्हणजे विक्रीची हमी नाही. तो चांगल्या अवस्थेतल्या तिकिटाचा असतो. आणि सर्वांत कमी दाखवलेली किंमत बहुतेक वेळा तिकिटाची नसून विक्रेत्याने ते शोधून, बांधून देण्याच्या कष्टाची असते. त्यामुळे दोन हजार साध्या तिकिटांच्या किमान किमतींची बेरीज फसवी ठरते. बेरीज करायचीच असेल तर फक्त तिसऱ्या फेरीतल्या तिकिटांची करा आणि दोषी तिकिटे त्यातून वगळा.

मोलाचे वाटणारे तिकीट तज्ज्ञ समितीकडे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन करा. प्रमाणपत्र आधीच असेल तर त्यावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी एकेक दात आणि शिक्क्याची जागा पाहून ताडून बघा, कारण प्रमाणपत्र एका तिकिटाचे आणि जवळ दुसरेच, असेही घडते. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि वर्ष तक्त्यात हवेच.

११. नोंदवही जपणे

तक्ता आणि फोटो यांच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. वर्षातून एकदा तक्ता साध्या सीएसव्ही स्वरूपातही काढा. मजकूर देवनागरीत असल्याने साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर उघडल्यावर अक्षरांच्या जागी कचरा दिसेल. पहिल्या फेरीची यादी छापून अल्बमजवळ ठेवा, पण किमतींचा रकाना वगळून. विम्यासाठी लागणारी किमतींची प्रत वेगळ्या जागी.

वारसांत वाटणी व्हायची असेल तर ती पूर्ण पानांची किंवा पूर्ण अल्बमची करा, आणि ‘सध्या कोणाकडे’ असा एक रकाना वाढवा. एका संचातली तिकिटे चौघांत वाटली तर संच कुणाकडेच राहत नाही.

वर्षातून एकदा तक्त्यातल्या कुठल्याही वीस ओळी उचला आणि ती तिकिटे सांगितलेल्या जागी आहेत का ते पाहा. एकदोन सापडली नाहीत तर त्या पानाच्या आसपासची पाने तपासा, सुटलेली तिकिटे बहुतेक तिथेच अडकलेली असतात. पाचसहा सापडली नाहीत तर तो अख्खा अल्बम पहिल्या फेरीच्या फोटोंशी ताडून पाहावा लागेल.